मातीचे बांध व त्यांची निगा

हैदराबादेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला तलाव दाखविण्यासाठी फार दूर न्यावे लागत नाही. पुष्कळदा तो तलावाच्या नावातच राहत असतो. मासाब टँक, तलाबकट्टा, नल्लाकुंटा ही नावे आपण नित्य उच्चारतो. तेलुगूत कुंटा म्हणजे लहान तळे आणि कट्टा म्हणजे त्याचा मातीचा बांध. शहरातील अनेक तळी बुजली, नावे मात्र उरली. संध्याकाळी टँकबंडवर फिरावयास जाणाऱ्यांपैकी तरी किती जणांच्या ध्यानात येत असेल, की पायाखाली आहे तो केवळ रस्ता नसून, सोळाव्या शतकात इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत हुसेनसागरास घातलेला बांध आहे?

परंतु राजाश्रयाने झालेल्या मोठ्या जलाशयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आम्ही विचार करणार आहोत तो लहान बांधांचा. कोण्या जमीनदाराने, गावच्या प्रमुखाने किंवा साध्या शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने घातलेल्या मातीच्या पाळीचा. अशी पाळ ज्याच्या जमिनीवर उभी असते, ती त्याच्या एकट्याची असते काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

दक्षिणेत तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा किंवा उत्पन्नाचा काही वाटा देण्याची जुनी रीत होती. तिला दशबंध म्हणत. दहावा हिस्सा असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपल्या मराठी मुलखात याचे उत्तम उदाहरण म्हणजे पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून तेथे कोहळी समाजाने तलाव बांधण्यात मोठे प्रावीण्य मिळविले. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी निगडित आहे. या तलावांच्या पाण्यावर धान पिके, गुरे पाणी पीत, मासे मिळत, भोवतालच्या विहिरींना पाझर राही आणि उन्हाळ्यात काढलेला गाळ शेतात खतासारखा पडे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येऊन हे तलाव सरकारजमा झाले, व आज लोक त्यांना माजी मालगुजारी, अर्थात ‘मामा तलाव’ म्हणतात. मालक गेला, पण पाळीवर नित्य फिरणारे त्याचे माणूसही गेले. पुढे कित्येक तलाव गाळाने उथळ झाले. ज्यांची शेते त्या पाण्यावर आहेत त्यांनाच निगेचे काम व अधिकार दोन्ही द्यावेत, असे आमचे मत आहे.

आता मातीचा बांध उभा कसा राहतो ते पाहू. माती नुसती ओतून ढीग केला तर तो बांध होत नाही. प्रथम वरची भुसभुशीत व पालापाचोळ्याची माती काढून टाकून, कठीण थर लागेपर्यंत पायात चर खणतात आणि तो चिकणमातीने ठोकून भरतात, म्हणजे पाण्याला खालून वाट मिळत नाही. मग सुमारे वीतभर जाडीचे थर घालून, प्रत्येक थर बेताचा ओला करून धुम्मसाने किंवा रुळाने दाबावयाचा. पोटात चिकणमातीचा गाभा व बाहेरून मुरूम, ही रचना चांगली. निव्वळ काळी माती वापरू नये. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाण्याकडील उतार एक मीटर उंचीस अडीच ते तीन मीटर इतका सपाट ठेवून त्यावर लाटांसाठी दगड लावतात. बाहेरील उतारावर हरळी लावतात आणि पायथ्याशी दगडांचा निचरा ठेवतात. त्या निचऱ्यातून पाणी बाहेर येते, माती येत नाही.

इतके करूनही बांधाचा घात होतो तो मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वरून. दगडी बांधावरून पाणी वाहून गेले तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधावरून ते वाहू लागले की माथा झरझर कापला जातो व थोड्याच वेळात खिंडार पडते. म्हणून सांडवा हाच मातीच्या बांधाचा खरा रक्षक होय. तेलंगणातील शेतकरी त्यास मत्तडी किंवा अलुगु म्हणतो. सांडव्याचा तळ बांधाच्या माथ्यापेक्षा पुरेसा खाली असावा लागतो. अधिक पाणी साठावे म्हणून त्याच्या तोंडाशी मातीच्या गोण्या रचणारा शेतकरी चार दिवसांच्या पाण्यासाठी सबंध बांध पणास लावत असतो.

दुसरी वाट आतून, आणि ती अधिक कपटी आहे. घुशीचे बीळ, वाळवीचे वारूळ, वाळलेल्या झाडाचे कुजलेले मूळ, किंवा पाणी सोडण्याच्या मोरीभोवती नीट न ठोकलेली माती, अशा ठिकाणी पाण्याला बारीक वाट सापडते. वाहताना ते मातीचे कण सोबत नेते, वाट रुंदावते, अधिक पाणी येते, ते अधिक माती नेते. आणि बाहेरून धडधाकट दिसणारा बांध एके रात्री बसतो. पाळीवर सावलीसाठी मोठी झाडे लावण्याची हौस पुष्कळांना असते. ती झाडे पाळीपासून दूर लावलेली बरी.

हे जुन्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कडप्पा जिल्ह्यातील पोरुमामिळ्ळ येथे विजयनगरच्या भास्कर नामक राजपुत्राने बांधलेल्या तलावाचा शके १२९१ चा, म्हणजे इसवी सन १३६९ चा शिलालेख आहे. नित्य एक हजार मजूर खपून दोन वर्षांत तो तलाव पुरा झाला, असे त्यात नमूद आहे. शिवाय उत्तम तलावाची बारा अंगे व सहा दोष सांगितले आहेत. बांधातून पाणी पाझरणे, जमीन खारवट असणे, तलावाच्या मध्यभागी उंचवटा असणे, पाणी थोडे व भिजवावयाची जमीन फार, किंवा जमीन थोडी व पाणी फार, हे त्यांपैकी पाच. सहावा दोष आम्हांस विशेष मार्मिक वाटतो: तलाव दोन राज्यांच्या सीमेवर असणे. फुटला तर कोणी बांधावयाचा, हा तंटा तेव्हाही होता तर!

तेलंगणात हा तंटा अधिकच जिकिरीचा होतो, कारण येथील तलाव एकेकटे नाहीत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्यास भरतो, त्याचा त्याहून खालच्यास. या मालिकेला तेलुगूत गोलुसुकट्टु, म्हणजे साखळीचे तलाव, म्हणतात. चांगल्या वर्षी ही साखळी थेंबन् थेंब वापरते. वाईट वर्षी काय करते ते मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरात दिसून आले. त्या सप्टेंबरात शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच पाऊस झाला. शहराच्या वर मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले. वरचा फुटून आलेला लोंढा खालच्या तलावाच्या सांडव्याला पेलेना, मग तोही फुटे. मूळ कारण अतिवृष्टी हे खरे, पण तिच्यात या पाण्याची भर पडली. २८ सप्टेंबरच्या दिवशी सुमारे १५ हजार माणसे प्राणास मुकली असे मानतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील ज्या चिंचेने दीडशेच्या आसपास लोकांना फांद्यांवर आसरा दिला, ते झाड विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. पुढे विश्वेश्वरय्या यांच्या योजनेप्रमाणे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या या अभियंत्याने शहर राखण्याची योजना आखताना त्या शेकडो लहान तलावांचाही हिशेब मांडला होता.

आता मालकीच्या प्रश्नाकडे वळू. इंग्लंडात १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असे ठरले, की स्वतःच्या जमिनीवर पाण्याचा साठा करणाऱ्याने, तो साठा निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास, स्वतःचा निष्काळजीपणा नसतानाही भरपाई द्यावी. सहाच वर्षांनी तसाच प्रसंग आपल्याकडचा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव अतिवृष्टीत फुटून मद्रास रेल्वेचा मार्ग व पूल वाहून गेले होते. रेल्वे कंपनी हरली. या देशात तलाव ही चैन नसून लोकांच्या जीविताचे साधन आहे, ते मोडून टाकण्याची जमीनदारास मुभा नाही, उलट ते राखणे हे त्याचे कर्तव्यच आहे; म्हणून त्याची हयगय सिद्ध झाली तरच तो दोषी, असा तो निवाडा होता. बारकाईने पाहिल्यास जमीनदारास यात सूट मिळाली तशीच जबाबदारीही चिकटली. आमच्या कोकणी मुलखात, गोव्याच्या खाजनांत, बांध गोडे पाणी अडवीत नाही, खारे पाणी बाहेर ठेवतो. पण एका जागी तो फुटला की सर्वांची शेते खारी होतात, आणि म्हणूनच तेथे दुरुस्ती हे गावकरीचे काम असे.

धरण सुरक्षा अधिनियम २०२१ साली झाला. १५ मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लागू आहे. गावोगावच्या लहान पाळी त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. तेलंगणात २०१५ साली सुरू झालेल्या मिशन काकतीय योजनेत ४६,५३१ तलावांची गणना धरली होती. त्यांवरून या लहान कामांचा एकूण पसारा कळेल. ऑक्टोबर २०२० च्या पावसात गगनपहाडचा अप्पा चेरुवु फुटून बंगळूरचा महामार्ग वाहून गेला, पल्ले चेरुवु फुटला, काही दिवसांनी बाळापूरचा गुर्रम चेरुवु फुटून पाणी वस्त्यांत शिरले. आज अशा पाळीखाली भाताची खाचरे नसून माणसांची घरे असतात, एवढा फरक १९०८ नंतर पडला आहे.

ज्यांच्या घरी शेत व त्यावर लहान बांध आहे, अशा विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी व प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाळीवरून, आणि मुख्यतः तिच्या बाहेरच्या पायथ्यावरून, फिरून यावे. माथा कोठे खचला आहे काय, सांडव्यात झुडपे किंवा राडारोडा अडकला आहे काय, मोरीच्या तोंडाशी ओल वाढली आहे काय, हे पाहावे. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी पाझरत असेल तर त्याची जागा खुंटी ठोकून लक्षात ठेवावी व रोज पाहावी. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर समजावे की ते बांधाची माती घेऊन येत आहे. अशा वेळी बाहेरून चिकणमातीचा बोळा कोंबू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्या जागेवर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाकावे, म्हणजे पाणी निघून जाते व माती मागे राहते. त्याच वेळी मोरी उघडून तलावाची पातळी हळूहळू उतरवावी, आणि खालच्या वस्तीत निरोप पाठवावा. तो निरोप दिवस असेतो गेला पाहिजे.