'हा'ने सुरू होणारी जपानी गीते : वर्णक्रम आणि ध्वनिपरिवर्तन

विद्यार्थिमित्रांनो, जपानी सूचीत गीतांची शीर्षके आद्य अक्षरानुसार लावतात. तो क्रम असा : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. त्यामुळे ताकी रेन्तारो यांचे 'हाना' (१९००) आणि 'हारु गा किता' (१९१०) हे शालेय गीत 'ना' व 'मा' यांच्या गीतांमध्ये सापडते. आपल्या वर्णमालेत मात्र 'न' आणि 'म' यांच्यामध्ये 'प' येतो. 'ह' शेवटाकडे असतो. हा फरक का?

जपानी क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडला. प्राचीन जपानीत 'हा'च्या जागी 'पा' होता, असे भाषावैज्ञानिक मानतात. पुढे तो 'फा'सारखा झाला. नागासाकी येथे १६०३ मध्ये जेझुइट मिशनऱ्यांनी छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशात 'हाना' म्हणजे फूल हा शब्द 'फाना' असा आढळतो. नंतर ओष्ठ्यत्व लोपले आणि 'हा' उरला. याच वर्गातील 'फु'मध्ये ते अजून टिकून आहे. 'फुरुसातो' (१९१४) हे गीत ऐकताना ते जाणवते.

लक्षात घ्या : उच्चार बदलतो, पण वर्णक्रम जुन्या उच्चाराची साक्ष देत राहतो.

स्वाध्याय : जपानी क्रमात आपल्या 'च'च्या जागी 'सा' का आला असावा? वरील विवेचनाच्या आधारे तर्क मांडा.