विणकरांचे चित्र

कोकणातील एका लहानशा गावच्या टपाल कचेरीत एक तरुण पोस्टमास्तर होते. कचेरीचे काम आटोपले, की कॅमेरा गळ्यात अडकवून ते रानात हिंडत. गवताच्या पात्यावरील दवबिंदू, नाकतोड्याचा डोळा, कोळ्याच्या जाळ्यातील धागा, अशा नजरेतून निसटणाऱ्या गोष्टींचे त्यांना वेड होते. वस्तू जेवढी असेल निदान तेवढी तिची प्रतिमा कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पटलावर उमटवणे, यास मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. असे चित्र पुढे मोठे केले, म्हणजे मुंगीच्या अंगावरील लवही दिसू लागते.

एकदा हौशी छायाचित्रकारांसाठी भरणाऱ्या एका स्पर्धेची जाहिरात त्यांच्या वाचनात आली. नियम दोनच, पण कडक होते : चित्रासाठी कोणत्याही जीवास इजा करू नये, आणि चित्र कसे घेतले, याची खरी हकीकत सोबत लिहावी. असे नियम विनाकारण केले जात नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ साली मुंगीखाऊच्या एका चित्रास पारितोषिक मिळाले होते. त्यातील प्राणी पेंढा भरलेला आहे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. छायाचित्रकाराने तो नाकारला. तरीही २०१८ साली ते चित्र अपात्र ठरवण्यात आले.

पोस्टमास्तरांनी विषय निवडला विणकर मुंग्यांचा. शेजारच्या तात्यांच्या बागेत हापूसच्या एका कलमावर त्यांचे घरटे होते. या तांबूस मुंग्या जिवंत पाने ओढून जवळ आणतात. अंतर जास्त असले, तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात. मग काही मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि धोट्याप्रमाणे या पानावरून त्या पानावर फिरवतात. अळीच्या मुखातून रेशमाचा धागा निघतो व पाने शिवली जातात. मोठ्या मुंगीस हा धागा काढता येत नाही. इतर कित्येक मुंग्यांच्या अळ्या ज्या रेशमाने स्वतःचा कोश विणतात, ते या अळ्या घरासाठी देऊन टाकतात. हा क्षण पोस्टमास्तरांना टिपावयाचा होता.

परंतु तात्या म्हणाले, "मास्तर, आठ दिवसांत या झाडाचे आंबे उतरवायचे आहेत. या मुंग्या गड्यांना फोडून खातात. त्याआधी मी घरटे जाळणार. तोवर काय ते करून घ्या."

पोस्टमास्तर रोज तिन्हीसांजेस झाडाखाली बसू लागले. काम सोपे नव्हते. इतक्या जवळून चित्र घेताना जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. मुंगीचा डोळा रेखीव आला, तर पाय अंधूक होतात. वाऱ्याची झुळूक आली, की सारेच हलते. दिव्याचा झोत डोळ्यांवर येऊ नये, म्हणून त्यांनी त्यावर पांढरा कागद लावला. मुंग्या चावल्या, हात सुजले; पण शिवण काही दिसली नाही.

सहाव्या दिवशी एक मित्र म्हणाला, "अरे, काठीने घरटे थोडे फाड. मुंग्या आपण होऊन शिवायला येतील. परीक्षकांना काय कळणार?"

"परीक्षकांना कळणार नाही, पण हकीकत मला लिहायची आहे," पोस्टमास्तर म्हणाले. तरीही त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दोनच दिवस उरले होते, आणि काठी तर हाताशीच होती.

सातव्या रात्री वळवाचा पाऊस कोसळला. सोसाट्याच्या वाऱ्याने घरट्याची एक बाजू उसवली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस मुंग्या अळ्या घेऊन बाहेर आल्या. पोस्टमास्तरांनी श्वास रोखून चाळीस चित्रे घेतली. त्यांपैकी एक बरे आले. त्यांनी ते कॅमेऱ्यावरच तात्यांना दाखवले.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "या चावतात, एवढेच मला इतकी वर्षे ठाऊक होते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या फांदीचे आंबे गड्यांनी दुरूनच झेल्याने उतरवले. घरटे राहिले.

श्रावणात स्पर्धेचा निकाल लागला. पारितोषिकांच्या यादीत पोस्टमास्तरांचे नाव नव्हते. त्यांनी आपले चित्र पुन्हा न्याहाळले. अळीच्या तोंडाजवळचा धागा किंचित अंधूक होता, हे त्यांनी मनाशी कबूल केले. मग छत्री व कॅमेरा घेऊन ते तात्यांच्या बागेकडे निघाले.

स्वाध्याय
१. विणकर मुंग्या घरटे कसे तयार करतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. मित्राचा सल्ला पोस्टमास्तरांनी का मानला नाही?
३. तात्यांचे मत कशामुळे बदलले?
४. एखादा कीटक पंधरा मिनिटे न्याहाळा व जे दिसेल तेवढेच लिहा.