धर्मश्रद्धेचा उगम आणि प्रतीत्यसमुत्पाद

माणसाच्या मनात देव कोठून आला, हा प्रश्न धम्माच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. पुरोहितांनी लबाडीने देव निर्माण केला, असे उत्तर आपण पुष्कळदा देतो. आमच्या मते ते अपुरे आहे. पुरोहिताने भीतीचा व्यापार केला हे खरे. पण भीती त्याच्या आधीपासून होती.

आपल्या जालना जिल्ह्यातील कपाशीचे शेत घ्या. रात्री पाणी देताना पाचोळा सळसळला, की पाय आपोआप मागे येतो. वारा असेल तर नुकसान नाही. साप असेल तर जीव वाचतो. उत्क्रांतीत 'येथे कोणीतरी आहे' असे चटकन मानणारे अधिक तगले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात आपल्या कुत्र्याविषयी लिहिले आहे. हिरवळीवरची उघडी छत्री वाऱ्याने हलली, की ते भुंकत असे. पटकी, वीज, दुष्काळ यांमागे माणसाने असाच अदृश्य कर्ता पाहिला.

दुसरे कारण मनाच्या सवयीत आहे. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. दाणे येताना गिरकी घेणारे कबुतर पुढे गिरक्याच घेत राहिले! सर्पदंशानंतर मांत्रिकाकडे नेलेला माणूस वाचतो, तेव्हा हेच घडते. बहुतेक साप बिनविषारी असतात. श्रेय मात्र मंत्राला मिळते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर ही समजूत जिवावर बेतते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा रुग्णाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरविले आहे.

भयाने डोंगर-वृक्षांना शरण जाणाऱ्या माणसाला भगवान बुद्धांनी हिणवले नाही. ते शरण सुरक्षित नाही, असे सांगून त्यांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला. 'हे कोणी केले?' याऐवजी 'हे कशामुळे झाले?' असे विचारणे, हे त्याचे सार होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. देव्हारा एका दिवसात रिकामा होतो. मनातील भीती कारण समजल्याशिवाय जात नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी नवस बोलणाऱ्या आजीला हसू नये. तिच्या नातवाला साप चावला, तर त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्यावे. कारण नंतर, तिच्याजवळ बसून समजावून सांगावे.