गळाच्या आमिषातील ‘मुंगीची अंडी’ : बंगालची हौस आणि विणकर मुंगीचे रक्षण

पश्चिम बंगालमध्ये तळ्याकाठी गळ टाकून बसणे ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हौस आहे. अनेक तळ्यांचे मालक दिवसाचे ‘तिकीट’ आकारून हौशी मंडळींना काठावर बसण्याची जागा देतात. ‘छिप’ म्हणजे गळाची काठी आणि ‘फात्ना’ म्हणजे दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा. तो पूर्वी मोरपिसाच्या देठापासून करीत. फात्न्यावर नजर ठेवून तासन्‌तास बसणारे नोकरदार, दुकानदार आणि निवृत्त वडीलधारे एकाच काठावर दिसतात. लक्ष्य असते ते रोहू, कटला, मृगळ अशा माशांचे. या हौसेचा एक धागा थेट आपल्या फळबागांतील एका उपयुक्त कीटकापर्यंत पोहोचतो. म्हणून या लेखात त्याचा विचार केला आहे.

चारा आणि आमिष

मासे जागेवर जमावेत म्हणून आधी पाण्यात ‘चार’ टाकतात. त्यात पेंड, भाजलेली मेथी, एकांगीसारखी सुवासिक मुळे इत्यादींचे मिश्रण असते. गळाला लावण्याचे आमिष वेगळे असते. त्याची कृती प्रत्येक जण आपापली राखून ठेवतो; मात्र त्यातील एक मान्यवर घटक म्हणजे ‘पिंपड्याचे डिम’, अर्थात मुंगीची अंडी.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही अंडी नव्हेत. खरी अंडी इतकी बारीक असतात की ती गळाला लावता येणार नाहीत. भाताच्या शितासारखे दिसणारे हे पांढरे दाणे लाल विणकर मुंगीच्या (ओइकोफिला स्मॅराग्डिना) अळ्या व कोष असतात. ते मऊ असून त्यांत प्रथिने व स्निग्ध पदार्थ भरपूर असतात.

घरटे विणणारी अळी

ही मुंगी झाडावरील जिवंत पाने जोडून घरटे करते. कामकरी मुंग्या साखळी करून पानांच्या कडा जवळ ओढतात आणि इतर कामकरी आपल्या जबड्यात अळी धरून तिच्या रेशमाने त्या कडा शिवतात. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही. अळीचे रेशीम घरट्यासाठी खर्च होत असल्याने तिचा कोष उघडाच राहतो. त्यामुळे अळ्या काढून नेल्या, की वसाहतीची पुढील पिढी जाते आणि घरटे दुरुस्त करण्याचे साधनही जाते.

एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात. अंडी घालणारी राणी मात्र बहुधा एकच असते आणि ती कोणत्या घरट्यात आहे हे बाहेरून सहज ओळखता येत नाही.

शेतकऱ्याचा संबंध

दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय बागांत किडींच्या नियंत्रणासाठी या मुंग्यांची घरटी विकत घेत असत. इ. स. ३०४ च्या सुमाराच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. जैविक कीडनियंत्रणाचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते. काजूवरील ढेकण्या, पाने खाणाऱ्या अळ्या व भुंगेरे यांना ही मुंगी आजही आवर घालते. तिचे दोषही आहेत. मधासारख्या स्रावासाठी ती पिठ्या ढेकूण व खवले किडींना संरक्षण देते आणि फळे काढणाऱ्यांना कडकडून चावते.

झारग्राम, बांकुडा, पुरुलिया या जिल्ह्यांतील सालवनांत हिच्या अळ्या-कोषांना ‘कुरकुट’ म्हणतात. लोढा, शबर, संथाळ कुटुंबे ते गोळा करतात. थोडे घरी खातात, उरलेले आमिषासाठी शहरांकडे विकतात. शेजारच्या ओडिशातील सिमिलीपालच्या ‘काई’ चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तीही याच मुंगीची. म्हणजे शहरातील गळाची हौस, वनवासी कुटुंबाची मिळकत आणि बागेतील कीडनियंत्रण ही तिन्ही एकाच घरट्यावर अवलंबून आहेत. सर्व घरटी एकदम तोडली, तर तिघांचेही नुकसान होते.

सरसकट बंदी हा यावरचा उपाय नव्हे. थायलंडमध्ये राणी होणाऱ्या मोठ्या अळ्यांची काढणी करून पाहिली असता कामकरी मुंग्यांची संख्या घटली नाही, असे तेथील अभ्यासात आढळले. काय काढावे आणि किती ठेवावे, हाच खरा प्रश्न आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. एका वसाहतीची सर्व घरटी काढू नयेत. प्रत्येक झाडावर काही घरटी, विशेषतः मोठी व उंचावरची, राखावीत.

२. फांदी तोडू नये. घरट्याला छिद्र पाडून अळ्या-कोष टोपलीत पाडावेत व प्रौढ मुंग्यांना झाडावर परत जाऊ द्यावे.

३. एकाच झाडावर लागोपाठ काढणी करू नये. नवी घरटी बांधून झाल्यावरच पुन्हा जावे.

४. आंबा, काजूच्या बागेत मुंगी दिसताच कीटकनाशक फवारू नये. आधी पिठ्या ढेकूण व खवले किडींचे प्रमाण तपासावे.

५. कीटकनाशक फवारलेल्या बागेतील अळ्या-कोष खाण्यासाठी वा आमिषासाठी काढू नयेत.

६. तळ्याच्या मालकांनी चाराच्या प्रमाणावर मर्यादा घालावी. न खाल्लेला चारा कुजल्याने पाण्यातील प्राणवायू घटतो.

गळ टाकणाऱ्याला संयम शिकवावा लागत नाही. तोच संयम घरटे काढणाऱ्या हातानेही पाळला, तर ही हौस, ही मिळकत आणि ही बाग तिन्ही टिकतील.