लपलेले अक्षर आणि त्याची जागा

विद्यानगर येथील मराठी मुलांसाठी मोबाइलवरील अक्षरपाठ तयार करताना माझ्यासमोर एक प्रश्न उभा राहिला. पाच ओळी आणि पाच स्तंभ यांत 'क' ते 'म' ही 25 अक्षरे मांडली होती. मराठी लेखनात 'ङ' आणि 'ञ' क्वचितच येतात, म्हणून आरंभीच्या पाठात ती लपवायचे ठरवले.

अँड्रॉइडच्या ग्रिडलेआउटमध्ये एखादा घटक 'गॉन' केला, तर त्याची रुंदी-उंची शून्य मानली जाते. पण त्याची चौकट पुढच्या घटकाला मिळत नाही. मध्ये पोकळी राहते. ती भरायची तर दिसणाऱ्या अक्षरांचीच यादी करून मांडणी नव्याने करावी लागते. मी तसे केले. 'घ'च्या शेजारी 'च' आला, 'क'च्या खाली 'छ' गेला आणि तक्ताच मोडला.

वर्णमालेत ओळ उच्चारस्थान सांगते, स्तंभ उच्चाराची रीत. ग, ज, ड, द, ब हा तिसरा स्तंभ मृदू अल्पप्राणांचा, पाचवा अनुनासिकांचा. तेलुगू वर्णमालेतही हाच क्रम आहे. शाळेत तेलुगू शिकणाऱ्या मुलाला दोन्ही तक्ते ताडून पाहता येतात. सरकलेल्या तक्त्यात ती सोय जाते.

शेवटी मी त्या दोन अक्षरांना 'इनव्हिजिबल' केले : अक्षर दिसत नाही, जागा मात्र राहते. शब्दांच्या यादीत पोकळी भरावी, वर्णमालेत ती राखावी. पुढे 'वाङ्मय' हा शब्द शिकवताना 'ङ' आपल्या जागीच प्रकट होतो. बाकीच्या अक्षरांना हलावे लागत नाही.