न्हाणीघराचे सामान : पारख आणि प्रामाणिकपणा

सीताबर्डीसारख्या जुन्या वस्तीत सगळे घर नव्याने बांधणे थोड्यांनाच जमते. न्हाणीघर आणि संडास मात्र अनेक जण नवे करून घेतात. या कामात सामान विकणारा दुकानदार, पाइप जोडणारा प्लंबर आणि फरशी बसवणारा मिस्त्री असे तिघे असतात, आणि या तिन्ही धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. काम बिघडले की तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात, नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि नाव तिघांचेही जाते. म्हणून माल कसा पारखावा आणि गिऱ्हाइकाला काय सांगावे, याचा येथे विचार करू.

सुरुवात पाण्यापासून करावी. नागपूरला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते, तरी विहिरी आणि बोअर अनेक घरांत वापरात आहेत. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची आहे. अशा खडकातले पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जड पाण्याने शॉवरची भोके बुजतात आणि नळावर पांढरे डाग बसतात. काळ्या रंगाच्या तोट्या शोरूममध्ये देखण्या दिसतात, पण बोअरच्या पाण्यात महिनाभरात त्यांची रया जाते. अशा घरी साधा चकचकीत क्रोमचा नळ आणि बोटाने चोळून साफ होणाऱ्या रबरी भोकांचा शॉवर द्यावा. गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी ‘पाणी कुठले?’ हे विचारावे.

आता नळाची पारख. चांगल्या नळाचे अंग पितळेचे असते. हलक्या मालात जस्ताचा मिश्रधातू वापरून वरून तीच चमक चढवतात. चुंबक येथे कामाचे नाही, कारण ते दोन्हींना चिकटत नाही. वजन मात्र बोलते. एकाच मापाचा जस्ताचा नळ पितळेपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने हलका भरतो. आट्यांच्या आत, जिथे मुलामा पोचलेला नसतो, तिथे पितळेचा पिवळेपणा दिसतो. आयएसआय शिक्क्याखालचा परवाना क्रमांक आता ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. दुकानदाराने तो स्वतः गिऱ्हाइकाला तपासून दाखवावा.

स्टीलच्या जाळ्या आणि टॉवेलच्या दांड्यांत फसवणूक याहून सोपी आहे. ‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे आहे. २०२ या स्वस्त प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. ३०४ मध्ये सुमारे ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज घातलेले असते, आणि ओल्या न्हाणीत त्यावर तांबूस डाग लवकर येतात. मँगनीज ओळखणारे थेंब बाजारात मिळतात. घाऊक माल घेणाऱ्याने ते जवळ ठेवावेत.

चांगला मालही वाईट हातांनी बिघडतो. फरशीवरचे सिमेंट काढायला मिस्त्री ॲसिड ओततात. नळ आधीच बसवलेले असतील तर त्या वाफेनेच क्रोम काळवंडते, आणि फरशीच्या सांध्यांतले सिमेंटही खाल्ले जाते. मग गिऱ्हाईक गॅरंटीचे कार्ड घेऊन दुकानात येते, तर बहुतेक कार्डांवर ॲसिड आणि जड पाण्याचे नुकसान वगळलेले असते. म्हणून नळ सर्वांत शेवटी बसवावेत. बसवण्याआधी पाइप मोकळे सोडून धुवावेत, नाहीतर जुन्या लोखंडी पाइपातले गंजाचे कण नळाच्या सिरॅमिक चकत्यांना ओरखडे पाडतात आणि नवा नळ ठिबकू लागतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. साध्या यूपीव्हीसी पाइपचे मानक (आयएस ४९८५) ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. गीझरच्या लाइनला सीपीव्हीसीच हवा आणि चिकटवायला त्याचेच सोल्यूशन हवे. भिंत बुजवण्याआधी लाइन दाबाखाली तपासावी. फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर निदान एक दिवस-रात्र पाणी भरून ठेवावे आणि खालच्या मजल्याचे छत पाहावे. भिंतीची टाइल जमिनीला लावू नये. ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पिते, तर व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी. ज्या घरात दिवसातून पाच वेळा वजू होते तेथे जमीन कोरडी अशी नसतेच. घरातल्या वृद्धांसाठी खरबरीत टाइल आणि वजूच्या नळाखाली नीट उतार ठेवावा.

संडासाचे भांडे बसवताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ येऊ नये याची आपण काळजी घेतो. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, तरी येथून किब्ला अगदी पश्चिमेला नाही, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. भांडे उत्तर-दक्षिण ठेवले की प्रश्न सुटतो. पण हे ड्रेनेजचा पाइप टाकण्याआधी ठरवावे. नंतर बदलायचे म्हणजे पुन्हा तोडफोड.

आता एक नाजूक गोष्ट. गिऱ्हाइकाच्या पैशाने माल घेताना प्लंबर किंवा मिस्त्री दुकानातून गुपचूप कमिशन घेतो, आणि त्यामुळे हलका माल भारी भावाने घरात जातो. रिवाज पडला आहे, असे म्हटले जाते. आमच्या मते ही खियानत आहे, कारण खरेदी करताना तो गिऱ्हाइकाचा वकील असतो. मापात कमी देणाऱ्यांवर कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. प्रत लपवणे हेही मापातलेच पाप मानावे. कारागिराने निवडीच्या कष्टाची मजुरी उघड सांगून घ्यावी. २०२ किंवा जस्ताचा माल विकणे गुन्हा नाही, गरिबाला तोच परवडतो. दुकानदाराने बिलावर ‘पितळ’ की ‘जस्त’, ‘३०४’ की ‘२०२’ हे स्पष्ट लिहावे आणि बिल प्लंबरच्या नव्हे, घरमालकाच्या हातात द्यावे.