प्लास्टरची सफाई

एम.ए.च्या प्रबंधिकेत परळच्या शिवाबद्दल लिहिलेल्या एका वाक्यावर मी फार खूश होते: ‘पृष्ठभागाची अशी तलम सफाई पाषाणात क्वचितच आढळते.’ तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे शिल्प कुठे पाहिलंत?”

“फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात.”

“तिथे आहे ती प्लास्टरची प्रतिकृती. राहता कुठे?”

“लालबागला.”

बाई हसल्या. “लालबागची मुलगी, आणि प्लास्टर ओळखता येऊ नये?”

लागलं, कारण खरं होतं. आमच्या चाळीखाली गणपतीचा कारखाना. साच्यातून निघालेल्या मूर्तींचे सांधे पॉलिश पेपरनं घासण्यात माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या. पण विद्यापीठात गेल्यावर हातांना आलेली ही अक्कल मी घरीच ठेवली. संदर्भसूची मात्र नऊ पानांची! प्रतिकृतीखालची पाटीही वाचली नव्हती.

मूळ शिल्प 1931 साली परळ-शिवडीकडे रस्त्याचं काम चालू असताना सापडलं. ते बारादेवीच्या देवळात आहे, घरापासून चालत वीस मिनिटांवर. आजी तिथे ओटी भरायला जायची. मी परीक्षेनंतर गेले, म्हणजे गुण गेल्यावर.

साडेतीन मीटरच्या आसपास उंचीची एकच शिळा. मधोमध एकावर एक तीन शिव, आणि त्यांच्यातून दोन्ही बाजूंना उमलल्यासारखे दोन-दोन. काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा, घारापुरीच्या लेण्यांच्या आगेमागे. फोटोत सगळं एका पातळीवर दिसतं. समोर उभं राहिल्यावर मान वर न्यावी लागते, आणि नजर खालून वर जाताना शिवही वर चढत असल्यासारखा वाटतो. पायथ्याशी वाद्यं घेतलेले गण आहेत. या सात आकृत्यांत काही अभ्यासक सप्तस्वर पाहतात. ते मी टिपून घेतलं होतं, पण गणांना माझ्या प्रबंधिकेत अर्धी ओळ होती.

कलेतिहास शिकायला निघालेल्यांना म्हणून सांगते. (मुंबईत तो पुष्कळदा ‘प्राचीन भारतीय संस्कृती’ या नावाखाली भेटतो, जाहिरातीत शोधत बसू नका.) आधी वस्तूसमोर तासभर उभं राहा. जमेल तसं, वाकडंतिकडं का होईना, पेन्सिलीनं काढा, कारण काढताना न कळलेली जागा लगेच उघडी पडते. पुस्तक नंतर. घारापुरी सोमवारी बंद असते, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. क्रॉफर्ड मार्केटला तिकीटच नाही. जे.जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगची उठावशिल्पं दारावरच आहेत, पिशव्या सांभाळत मान वर करा. आणि हा विषय इंग्रजीतच वाचायचा असतो, असं कुणी म्हणालं तर चित्रकार धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ त्याच्या हातात द्या. नोकरीचं विचाराल, तर जागा थोड्या आहेत. घरच्यांना हे प्रवेश घेण्याआधीच सांगून टाका.

बारादेवीला जाल तेव्हा चपला बाहेर काढा, फोटोचं आधी विचारा, आणि त्या गणांपाशी माझ्या वाटणीचंही थोडं थांबा.